देवळी, देवकोष्ठ, देव्हारा: खानदेशातल्या लहान देवळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातली जुनी देवळं दाखवायला मंडळींना घेऊन गेलं की गाभाऱ्यातल्या देवाबद्दल फारसं कोणी विचारत नाही. तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. प्रश्न येतात ते बाहेरच्या भिंतीवरून. ही एवढीशी देवळं कशाला कोरलीत? यांना म्हणायचं काय? घरातल्या देवळीचा आणि यांचा काही संबंध आहे का? तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

देवळी म्हणजे नेमकं काय? लहान देऊळ की भिंतीतला कोनाडा?

दोन्ही. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात मातीची भिंत चांगली जाडजूड असते. त्या जाडीतच जागा सोडून कोनाडे ठेवायची पद्धत होती. एकात आरसा-फणी, एकात पानाचा डबा, दाराजवळच्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी. यातला एखादा कोनाडा मात्र वेगळा दिसतो. वर छोटी कमान, कमानीच्या टोकाला मातीचाच कळसासारखा उंचवटा, दोन्ही कडांना खांब काढावेत तशा उभ्या पट्ट्या, आणि खाली पणती मावेल एवढी पुढे आलेली कड. आतली पाठ दिव्याच्या काजळीने काळी झालेली. ही देवळी. "देवळीमा दिवा ठेव" असं अहिराणीत सांगितलं, तर घरातल्या पोरालाही कुठल्या कोनाड्यात ते विचारावं लागत नाही.

घराबाहेर हाच शब्द उभ्या बांधकामालाही लागतो. वेशीवर, विहिरीच्या काठावर, पिंपळाच्या पाराला टेकून छातीएवढ्या उंचीचं, तीन बाजूंनी बंद आणि समोरून उघडं असं काही दिसतं. आत मारुती, मुंजोबा नाहीतर नुसता शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड. त्यालाही लोक देवळीच म्हणतात. मी मोजमाप सांगत बसत नाही. माणूस वाकून का होईना आत जातो ते देऊळ, नुसता हात आत जातो ती देवळी, एवढी खूण पुरते.

हा शब्द आला कुठून?

देवळी देवळावरून, आणि देऊळ देवकुलावरून.

कुल म्हटलं की आज आपल्याला वंश आठवतो, पण संस्कृतात त्याचा घर, वाडा असाही अर्थ आहे. गुरुकुल म्हणजे गुरूचं घर, तसं देवकुल म्हणजे देवाचं घर. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' गळून जातो. त्यामुळे देवकुलाचं देवउल, देउल झालं आणि मराठीत शेवटच्या 'ल'चा 'ळ' होऊन देऊळ. बंगाली आणि ओडियातही मंदिराला याच घराण्यातला शब्द आहे. या बदलाची खात्री करून घ्यायची असेल तर जोडीचा शब्द बघा: राजकुल. तिथेही 'ज' आणि 'क' गळाले आणि राऊळ उरलं. राऊळ म्हणजे मुळात राजवाडा. पुढे मराठीत तोच शब्द देवाच्या घराला लागला, आणि आता राऊळ म्हटलं की राजा कोणालाच आठवत नाही.

देवकुलाचा अर्थही कायम एकच होता असं नाही. मथुरेजवळ माट नावाचं गाव आहे. तिथे कुषाण राजांचे पुतळे सापडले. कनिष्काचा तो डोकं नसलेला, जाड बुटांचा प्रसिद्ध पुतळा तिथलाच. तिथल्या लेखात त्या वास्तूला देवकुल म्हटलं आहे. भासाच्या नावावर असलेल्या 'प्रतिमानाटका'त भरत अयोध्येबाहेरच्या अशाच एका प्रतिमागृहात शिरतो, तिथे पूर्वजांच्या रांगेत दशरथाचाही पुतळा बघतो आणि वडील गेल्याचं त्याला कळतं. तिथल्या रखवालदाराला नाटकात देवकुलिक म्हटलं आहे. म्हणजे हा शब्द देवांइतकाच गेलेल्या राजांच्या प्रतिमांनाही घर देत होता. आपल्याकडे वीरगळाला, समाधीला, पूर्वजांच्या टाकांना देवाच्या रांगेत बसवतात, ती सवय काही कालपरवाची नाही.

राहिली देवळीतली 'ई'. मोठ्या वस्तूचं लहान रूप करताना मराठी ही 'ई' सर्रास लावते: दोर आणि दोरी, सुरा आणि सुरी, गाडा आणि गाडी. तसंच देऊळ आणि देवळी. संस्कृतात हेच काम 'इका' करते, म्हणून तिथे देवकुलिका. देवळी थेट देवकुलिकेवरून घरंगळत आली म्हणा, की मराठीने देवळाला घरच्या घरी 'ई' जोडली म्हणा, अर्थात काडीचा फरक पडत नाही.

आमच्याकडे 'दिवळी' म्हणतात. ते चुकीचं आहे का?

नाही. त्या कोनाड्यात दिवा असतो, त्यामुळे बोलणाऱ्याच्या कानात देव आणि दिवा एकमेकांत मिसळतात. व्युत्पत्ती मात्र दोघांची वेगळी: दिवा दीपावरून आला, देवळी देवकुलावरून. घरात आजी ज्याला दिवळी म्हणते त्याला तुम्हीही दिवळीच म्हणा.

आणि देव्हारा?

तो देवगृहाचा वंशज. गृहाचं प्राकृतात घर किंवा हर होतं, देवहरवरून देव्हारा. देवघर हा त्याचाच भाऊ, फक्त त्याच्यातलं घर शाबूत राहिलं. आता आपण देव्हारा लाकडी किंवा संगमरवरी वस्तूला म्हणतो आणि देवघर खोलीला.

देव्हाऱ्यात पंचायतन मांडतात तेही इथेच सांगतो. मधे आराध्य दैवत आणि चार कोपऱ्यांत चार देव. सिन्नरच्या गोंदेश्वरला गेलात तर हीच मांडणी दगडात दिसेल: मधे शिवाचं मोठं मंदिर, त्याच जोत्यावर चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरं. ताम्हनात मांडायचं ते तिथे अंगणात मांडलंय.

पुस्तकात 'एडिक्यूल' असा शब्द वाचला. तो देवळीच ना?

जवळजवळ तीच. हा शब्द लॅटिन 'एडिकुला'वरून आला. 'एडेस' म्हणजे देवाची इमारत, आणि त्याला लहानपणाचा प्रत्यय लागून एडिकुला. आपल्या 'ई'चं किंवा 'इका'चं काम तिथे 'कुला' करतो. हे 'कुला' आणि आपलं 'कुल' सारखं ऐकू येतं, पण त्यांचा काही संबंध नाही. दर वेळी कोणीतरी आनंदाने ते जोडायला बघतं, म्हणून आधीच सांगितलं.

एडेस या शब्दाची एक खोड आहे. एकवचनात तो देवाचं घर, अनेकवचनात माणसाचं. अभ्यासक त्याचं मूळ 'पेटणे' या अर्थाच्या धातूत शोधतात, म्हणजे चूल किंवा अग्नीची जागा. संस्कृतातले इंधन आणि एधस् म्हणजे सरपण हे शब्द त्याच मुळाचे. रोमच्या मुख्य चौकात व्हेस्टा देवीची गोल वास्तू होती आणि तिच्यात अखंड अग्नी राखला जाई. रोमन लोक तिला एडेस म्हणत, 'टेम्प्लुम' म्हणत नसत. टेम्प्लुम म्हणजे शकुन बघणाऱ्या पुरोहितांनी विधीने आखून दिलेली जागा, एडेस म्हणजे इमारत. इंग्रजी टेम्पल आला तो जागेच्या शब्दावरून. खानदेशातल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे ठाण वेगळं आणि देऊळ वेगळं. म्हसोबाचं ठाण असतं. त्यावर देऊळ बांधलंच पाहिजे असं नाही, आणि कित्येकदा देवाला ते चालत नाही असंही गाव सांगतं.

एडिकुला रोमन घरांतही होती. पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या घरांत कुलदैवतांसाठी भिंतीत केलेली देवघरं सापडली आहेत; त्यांतली कित्येक दोन खांब आणि वर त्रिकोणी आढं अशा आकाराची आहेत. मोठ्या इमारतींनीही तोच आकार उचलला. रोमच्या पँथिऑनमध्ये आतल्या भिंतीला अशाच चौकटी आहेत, एकीवर त्रिकोणी माथा तर शेजारचीवर कमानदार. आणि जेरुसलेमला ख्रिस्ताच्या थडग्यावर चर्चच्या आत जी लहान वास्तू उभी आहे, तिचं नावच एडिक्यूल. आज दिसते ती १८०८ च्या आगीनंतर १८१० मध्ये नव्याने बांधलेली आहे, आणि २०१६-१७ मध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली.

मग आपल्या शिल्पशास्त्रात यासाठी शब्द नव्हता का, की लॅटिन उसना आणावा लागला?

शब्द भरपूर होते, तीच अडचण. आपल्याकडे प्रत्येक तऱ्हेच्या लहान देवळाला निराळं नाव. बाह्य भिंतीत मूर्ती बसवायला केलेली चौकट म्हणजे देवकोष्ठ. उत्तरेकडच्या ग्रंथांत तिला रथिका म्हणतात, आणि तिच्या डोक्यावर जाळीदार त्रिकोण असतो तो उद्गम. मुख्य मंदिराभोवतीच्या ओवरीतली ओळीने असलेली लहान मंदिरं म्हणजे देवकुलिका. जैन मंदिरांत त्या खास दिसतात. बावन्न देवकुलिकांचं बावन जिनालय हा तर ठरलेला आराखडा. गुजराती माणूस त्यांना देरी म्हणतो. नवापूरच्या पलीकडे गेलात की हाच शब्द कानावर पडेल. दक्षिणेकडे शिखरावरच्या चौकोनी घुमटीला कूट, लांबट छपराच्या घराला शाला. उत्तरेकडे मोठ्या शिखराला चिकटलेलं लहान शिखर म्हणजे शृंग, आणि छातीवर आलेलं मोठं अर्धशिखर ते उरःशृंग.

या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा होता, म्हणून अलीकडच्या अभ्यासकांनी एडिक्यूल वापरला. ॲडम हार्डी यांनी तर भारतीय मंदिरांचा सगळा विचारच त्यावर बांधला. मंदिर म्हणजे एक मोठी इमारत आणि तिच्यावर नक्षी, असं न बघता लहान लहान देवळांची एकमेकांत गुंतलेली रचना म्हणून बघा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. मराठीत लिहिताना मात्र मी सरळ देवळी लिहितो. एडिक्यूल लिहून वाचकाला शब्दकोश उघडायला लावण्यापेक्षा ते बरं.

शिखरावर एवढी लहान लहान देवळं कशासाठी? नुसती शोभा?

शोभा म्हणून विषय संपवू नका. झोडग्याला जा. मुंबई-आग्रा रस्त्यावर मालेगाव आणि धुळ्याच्या मधे हे गाव लागतं. जिल्हा नाशिक, पण बोली आणि बाजार खानदेशाचा. तिथलं माणकेश्वर मंदिर भूमिज शैलीचं आहे आणि त्याचं शिखर बऱ्यापैकी शाबूत आहे.

मागच्या बाजूला थोडं लांब उभं राहा, कारण जवळून मान मोडते आणि दिसत काही नाही. शिखराच्या मधोमध खालून वर गेलेला जाळीदार उभा पट्टा दिसेल. त्याला लता म्हणतात, आणि असे पट्टे चारही बाजूंना असतात. आता दोन पट्ट्यांच्या मधली जागा बघा. ओळीवर ओळ, बारके खांब उभे आहेत आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक अख्खं शिखर आहे. त्यालाही आमलक म्हणजे आवळ्यासारखी खाचांची चकती, त्यालाही कळस. हे कूटस्तंभ. खालच्या ओळीतले ठसठशीत, वर वर जाताना लहान होत गेलेले. प्रत्येक कूटस्तंभ हे स्वतंत्र देऊळ आहे. एक भूमी म्हणजे एक मजला, आणि मजल्यामजल्यावर देवळांची रांग. त्यांच्यापासून जे उभं राहतं ते मोठं शिखर. आधी मोठा आकार आणि मग त्यावर कोरीव काम, असा हा हिशेबच नाही. लहान देवळं काढून टाकलीत तर शिखर म्हणून काही उरत नाही.

भूमिज या नावाचा अर्थ भूमींपासून म्हणजे मजल्यांपासून झालेलं, असा लावतात. धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात या जातीच्या प्रासादांचं वर्णन आहे. माळव्यात उदयपूरचं उदयेश्वर मंदिर, कोकणच्या वाटेवर अंबरनाथ, पुढे सिन्नर. आणि यांच्या मधल्या पट्ट्यात झोडगे आणि साक्री तालुक्यातलं बळसाणे. नकाशावर रेघ ओढून बघितली तर माळव्यातून दख्खनेत उतरणारी वाट खानदेशातूनच जाते. व्यापारी गेले तसेच कारागीरही गेले असणार.

बळसाण्याची, वाघळीची, पाटणची देवळं हेमाडपंतीच ना?

बोलीत हो, इतिहासात नाही. हेमाद्री म्हणजे हेमाडपंत देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांकडे मंत्री होता, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चाळीसगाव तालुक्यातल्या वाघळीच्या मंदिरातला शिलालेख शके ९९१ चा, म्हणजे इ.स. १०६९ चा आहे. यादवांचा मांडलिक असलेल्या मौर्य घराण्यातल्या गोविंदराजाचा तो लेख. हेमाडपंताच्या जन्माआधीच्या देवळाला त्याचं नाव लावायचं म्हणजे नातवाच्या नावाने आजोबाला हाक मारण्यासारखं झालं. चुना न वापरता दगडात दगड बसवून केलेलं कुठलंही जुनं काळं देऊळ म्हणजे हेमाडपंती, अशी आपली समजूत रुजली आहे. गावकऱ्यांशी मी त्यावर वाद घालत नाही. पण फलकावर तसं लिहू नये.

पाटणच्या पाटणादेवीबद्दल आणखी एक घोटाळा नेहमी होतो. तिथल्या मंदिरात तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला स्थानिक निकुंभ राजांनी दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. हा चांगदेव ज्योतिषी. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याच्या नावाचं गाव आणि मंदिर आहे तो योगी चांगदेव निराळा. नाव एक, माणसं दोन.

भिंतीतले देवकोष्ठ रिकामे का दिसतात?

मूर्ती वेगळ्या घडवून खोबणीत बसवलेल्या असत, त्यामुळे त्या सहज निघतात. काही फोडल्या गेल्या, काही चोरीला गेल्या, काही गावातल्या नव्या मंदिरात नेऊन बसवल्या. कधी कधी उलटंही झालेलं दिसतं: शेतात सापडलेली भलतीच मूर्ती रिकाम्या कोष्ठात आणून ठेवलेली, मापाला आखूड आणि विटांच्या टेकूवर उभी. म्हणून कोष्ठात आज जे आहे ते मूळचंच असं धरून चालू नका. खालची खोबण आणि मूर्तीचा तळ एकमेकांना जुळतो का ते बघा.

अजिंठ्यात देवळी असते का? तिथे तर बौद्ध लेणी आहेत.

असते, आणि फार सुंदर असते. जळगावहून गेलात तर फर्दापूरवरूनच वर चढाल. एकोणीस क्रमांकाचं लेणं हे चैत्यगृह, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. आत अखंड दगडातला स्तूप आहे. जुन्या लेण्यांत स्तूप नुसता अंडाकृती आणि साधा. इथे मात्र त्याच्या पुढच्या अंगाला खांब आणि कमानीची चौकट काढून तिच्यात उभा बुद्ध कोरला आहे. खालून वर बघत जा: आधी बुद्ध, मग त्याची कमान, मग अंड म्हणजे स्तूपाचा गोल घुमट, हर्मिका म्हणजे त्यावरची चौकोनी पेटी आणि एकावर एक तीन छत्रं. स्तूपाने पोटात देवळी घेतली आहे. बाहेर दर्शनी भिंतीवरही चौकटी-चौकटीत बुद्ध आहेत.

दोन क्रमांकाच्या विहारात मुख्य गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांना लहान गाभारे आहेत. उजवीकडच्यात हारिती आणि पांचिक बसले आहेत. हारिती ही लेकरांची देवता. छतावरच्या चित्रांकडे बघण्याच्या नादात पर्यटक तिच्यासमोरून सरळ निघून जातात.

घुमटी, मढी, छत्री, समाधी... ही सगळी देवळीचीच नावं का?

आकार सारखे, काम वेगळं. घुमटीच्या डोक्यावर लहान घुमट असतो, आत देवही असू शकतो आणि समाधीही. मढी मठिकेवरून, म्हणजे लहान मठ. जोगी-गोसाव्यांच्या जागांना हे नाव जास्त चिकटलेलं दिसतं. छत्री चारी बाजूंनी उघडी आणि ती कोणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेली. वीरगळ हा नुसता उभा दगड, पण नीट बघा: त्यावरचे मजले खालून वर जातात, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन जाताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर बहुतेक वेळा कळस. म्हणजे दगडाने देवळाचा माथा घेतला आहे.

सातपुड्यात गेलात तर हा सगळा शब्दसंग्रह गुंडाळून ठेवा. भिल्ल, पावरा वस्त्यांत वाघदेवाला छप्पर लागत नाही. झाडाखालचा दगड किंवा लाकडी खांब हेच त्याचं ठिकाण. तिथे देवळी शोधणं हा आपला हट्ट.

मशिदीतला मेहराब म्हणजे तसाच कोनाडा ना?

आकाराने हो: भिंतीत खोलगट जागा, वर कमान, भोवती कोरीव चौकट. कामाने नाही. मेहराबात काही ठेवायचं नसतं. तो नमाजाची दिशा दाखवतो. फारुकी सुलतानांच्या थाळनेरच्या कबरी आणि बुऱ्हाणपूरची जामा मशीद बघायला जरूर जा. त्या मशिदीत अरबीच्या जोडीने संस्कृत लेखही आहे.

वाड्याच्या दिंडीदरवाज्याशी 'देवडी' असते, ती हीच का?

नाही. ती पहारेकऱ्यांची बसायची जागा, हिंदीतल्या ड्योढीची बहीण. देवाचा तिच्याशी संबंध नाही.

कानबाईचा मांडव, गणपतीचं मखर यांना या यादीत घ्यायचं का?

मी तर घेतो. देवळी ओळखायच्या खुणा चार: खाली बैठक, बाजूला दोन खांब, वर कमान किंवा आढं, आणि माथ्यावर कळसासारखं काहीतरी. मखरात या चारही असतात, फक्त दगडाऐवजी बांबू, कागद आणि अलीकडे थर्माकोल. धातूच्या मूर्तीमागची प्रभावळही तशीच. बाजूला मकर, वर कीर्तिमुख नावाचं उग्र सिंहासारखं तोंड, म्हणजे देवळाच्या दारावरचं तोरण तेवढं मूर्तीबरोबर घरी आलं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ चढवून चौरंगावर बसवतात, भोवती केळीचे खांब आणि वर कापडाचं छत. दुसऱ्या दिवशी सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. एका रात्रीपुरतं का होईना, घरात देऊळ उभं राहतं. आणि त्यासाठी घर झाडूनपुसून, भिंती रंगवून ठेवण्याची जी धावपळ होते, तेवढी भाऊबंदांच्या लग्नातही होत नाही.

जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधतोय. देवळी वाचवता येईल का?

कशाची आहे त्यावर ठरेल. दगडाची किंवा सागवानी चौकटीची असेल तर भिंत उतरवताना आधी वरचं वजन काढायचं, मग बाजूची माती खरवडून चौकट अख्खी सोडवायची. जेसीबी लावायच्या आधी हे झालं पाहिजे. जेसीबीचा चालक थांबत नाही. मातीची असेल तर उचलता येत नाही, खोटी आशा ठेवू नका. तिचे समोरून आणि बाजूने फोटो घ्या, फोटोत मोजपट्टी दिसू द्या, रुंदी, उंची, खोली आणि जमिनीपासूनची उंची कागदावर मांडा. जमिनीपासूनची उंची लोक हमखास विसरतात आणि मग नवी देवळी डोक्याच्या वर जाते. बसून दिवा लावणाऱ्या बाईचा हात सहज पोचेल, अशी ती उंची मूळ घरात ठरवलेली असते.

नव्या भिंती पातळ असतात, त्यात खोली मिळत नाही. तिथे गवंड्याला एका जागी भिंत दुप्पट जाडीची करायला सांगा. नाहीतर विकतचा संगमरवरी देव्हारा भिंतीला टांगला जातो आणि त्याच्या मागून वायर जाते.

वेशीवरच्या जुन्या दगडी देवळीला गावाने ऑइल पेंट द्यायचं ठरवलंय. चालेल का?

नको. दगड ओल घेतो आणि सोडतो. पेंटचा थर बसला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि कोरीव कड पापुद्र्यासारखी सुटायला लागते. शिवाय दोन हातांनंतर खांबावरची बारीक नक्षी भरून जाते आणि पुढच्या पिढीला तिथे नुसता गुळगुळीत खांब दिसतो. रंगच द्यायचा असेल तर साधी चुन्याची सफेदी द्या, तीही बिनकोरीव भागाला. सांधे भरायचे तर चुन्याने, सिमेंटने नाही. मूर्तीवरच्या शेंदराचा प्रश्न वेगळा, तो पूजेचा भाग आहे. पण जाड झालेलं कवच छिन्नीने उडवायला जाऊ नका, त्याबरोबर नाकही येतं.

देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर गावाने ठरवून चालत नाही. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. सभामंडपाला पत्र्याचं शेड जोडायचं असेल तरी आधी जवळच्या कार्यालयात लेखी विचारा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.